दीड किलोची घोडी

वीस किलो रद्दी दिली की एक कुपन, आणि त्या कुपनावर एक पुस्तक. लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत कुठल्याशा फ्रेंच सरदारांच्या मारामाऱ्या. कुल्पाशला त्या मारामाऱ्यांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती ती लाल पाठ. तशा पाच पाठी तिची विहीण मागरिपा हिच्या काचेच्या कपाटात रांगेने उभ्या होत्या. मागरिपा मोठ्या सरकारी दुकानातल्या गालिचा विभागाची निवृत्त प्रमुख, त्यामुळे शहरात जे मिळत नसे ते नेमकं तिच्या घरी असे. कुल्पाश लेकीला भेटायला गेली की मागरिपा चहा ओतायच्या आधी रुमालाने कपाटाची काच पुसायची आणि म्हणायची, "तुमचं बरं आहे हो, विहीणबाई. भिंती मोकळ्या. धूळ पुसायची कटकट नाही."

सात वर्षं कुल्पाश हे ऐकत होती. तेव्हा तिच्या लेखी वीस किलोंच्या बदल्यात पुस्तक मिळणार नव्हतं, विहिणीचं तोंड बंद होणार होतं. एवढ्या भावात ते आख्ख्या अल्मा-अतात कुणाला मिळालं नसतं.

आणि कागद तर तिच्याकडे चिक्कार. ती चित्रपट-कारखान्याच्या व्यंगपट विभागात कोठार सांभाळायची आणि तक्ते धुवायची. चित्रकार कागदावर चित्रं काढत, मुली ती पारदर्शक सेल्युलॉइडच्या तक्त्यावर शाईने गिरवत, मागच्या बाजूने रंग भरत, आणि मग एकेक तक्ता कॅमेऱ्याखाली जाई. बारा तक्ते सरले की पडद्यावर एक सेकंद सरे. सेल्युलॉइड वर्षाला मोजूनमापून येई, म्हणून चित्रण आटोपलं की तक्ते कुल्पाशच्या घंगाळात. कोमट पाणी, सोडा आणि जुन्या बनियनची चिंधी. सकाळी राजकन्या असलेला तक्ता दुपारी कोल्हा व्हायला मोकळा. एकवीस वर्षांत तिने इतके राक्षस, इतके खान आणि इतक्या सुना धुऊन काढल्या होत्या की त्यांची शिरगणती करायची तर वेगळं खातं उघडावं लागलं असतं.

कागदावरच्या मूळ चित्रांसाठी मात्र नियम होता. चित्रणाची फीत रसायनात धुऊन परत येईपर्यंत आणि सगळ्यांनी ती पडद्यावर बघेपर्यंत कागद फडताळात ठेवायचे. त्यानंतर त्यांना कुणी विचारत नसे. नियम भिंतीवर टांगलेला होता, आणि भिंतीवर टांगलेल्या गोष्टीकडे एकवीस वर्षांनंतर कोण बघतं?

'निळी घोडी' या बोलपटाचे पाहून झालेले कागद दोन पोत्यांत भरून कुल्पाश रद्दीच्या केंद्रावर गेली. केंद्रवाल्या सैतकालीने पोती काट्यावर चढवली.

"साडेअठरा. कुपन वीसला मिळतं."

"अरे, दीड किलोचं काय घेऊन बसलास? तुझ्या आईला मी ओळखते."

"मीही ओळखतो, आपा. काटा ओळखत नाही."

पुन्हा कोठारात आली. फडताळात एकच गठ्ठा उरला होता: दृश्य एकतीस, दोनशे सोळा चित्रं. ती फीत अजून धुऊन यायची होती. कुल्पाशने गठ्ठा हातावर तोलला. एकवीस वर्षं मोजमाप केलेला हात. बरोबर दीड किलो. याआधीच्या चौदा बोलपटांत एकही फीत बिघडली नव्हती, मग पंधराव्यात बिघडून बिघडून काय बिघडणार? दुपारी कुपन तिच्या पर्समध्ये होतं, आणि परतताना बसमध्ये ती सारखी पर्स उघडून ते जागेवर आहे ना बघत होती.

फीत सहा दिवसांनी आली. दिवे मालवले, यंत्र घरघरलं, आणि पडद्यावर दुधाच्या सायीसारखं पांढरं धुकं पसरलं. धुक्यात कुठेतरी एक कान हलला आणि गेला. फितीत उजेड शिरला होता. कॅमेऱ्यात, धुताना की वाटेत, यावर तिघांनी तिघांकडे बोट दाखवून झालं. दिग्दर्शिका राबिगा वयाने कुल्पाशपेक्षा पंधरा वर्षांनी धाकटी, पण शांत राहण्यात थोरली. ती म्हणाली, "हरकत नाही. बोलपट पास करणारी समिती यायला अजून नऊ दिवस आहेत. तक्ते धुतले असतील, पण कागद आहेत. पुन्हा गिरवू, पुन्हा रंगवू. कुल्पाश आपा, उद्या एकतीस नंबर काढून ठेवा."

"ठेवते," कुल्पाश म्हणाली. त्या दुपारी बौरसाक, तळलेल्या कणकेचे गोळे, तिने तसेच डब्यात ठेवले, आणि असं याआधी फक्त नवरा गेला तेव्हा झालं होतं.

एकतीसच्या जागी दुसरं कुठलंही दृश्य असतं तर चित्रकाराला सांगून परत काढून घेतलं असतं. पण हे विभागातले सगळ्यात जुने चित्रकार नुरपेइस आगा यांचं. गोष्टीत हिवाळ्याची राणी उन्हाळा पेटीत कोंडून ठेवते, आणि विधवेची पोर निळ्या घोडीवर बसून गोठलेलं सरोवर ओलांडते. घोडी बर्फाला भिते. हुंगते, पाऊल टाकते, घसरते, सावरते, आणि मग धावते. अठरा सेकंद. आगांनी त्यावर चार महिने घालवले, शेवटचा कागद ठेवला आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. घोडी पुन्हा काढणारा हातच जगात नव्हता. शिवाय बोलपट वेळेवर पास झाला नाही तर पुढच्या वर्षीचं सेल्युलॉइड ताश्कंदवाल्यांना जाणार होतं. ताश्कंदवाल्यांना! त्यापेक्षा कुल्पाशने ते स्वतः चावून खाल्लं असतं.

सकाळी ती थेट सैतकालीच्या काट्यापुढे उभी राहिली.

"कागद कुठे आहेत?"

"गिरणीत. लगदा झाला असेल."

"सैतकाली, पाठकोरा जाड कागद तू गिरणीत घालशील? आईची शपथ घे."

सैतकाली शपथेपाशी अडखळला. "थोडा... शाळेजवळच्या मरियमखानला दिला. बियांच्या पुड्यांना."

शाळेच्या कोपऱ्यावर मरियमखान ही उइगुर म्हातारी सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकायची. पेला भरून बिया कागदाच्या कोनात ओतायची, दहा कोपेक. कुल्पाशने तिच्या मांडीखालचा गठ्ठा ओढला. सदतीस कागद, कोपऱ्यात आगांच्या हाताने घातलेले क्रमांक.

"बाकीचे?"

"संपले. काय सांगू बाई, इतकी वर्षं बिया विकते, असा धंदा झाला नाही. मला वाटलं, या वेळी भाजणी साधली. तर पोरं बिया बघतच नाहीत! 'आजी, हा नको, एकशे सातच्या पुढचा दे.' काल एकाने बिया माझ्याच टोपलीत परत ओतल्या आणि पुडी घेऊन पळाला."

"कुठे पळाला?"

मरियमखानने हनुवटीने समोरच्या इमारतींमधलं अंगण दाखवलं.

अंगणात पिंग-पाँगच्या टेबलाभोवती तीसेक पोरं आणि एवढी शांतता, की कुल्पाशला आधी वाटलं कुणाला लागलंबिगलंय. टेबलावर पुड्या उलगडून, हाताने दाबून सरळ केलेले कागद क्रमवार लावले होते. जाड चष्म्याची एक मुलगी वही घेऊन बसली होती. कुणाकडे कुठला क्रमांक, कुणी कुणाला काय दिलं, सगळं आखलेल्या रकान्यांत. कुल्पाशने वहीत डोकावून बघितलं आणि तिला पोरीबद्दल आदर वाटला.

"मान वर केलेल्या घोडीला शेपटीचे तीन," मुलगी एकाला सुनावत होती. "नुसत्या बर्फाला काही नाही. बर्फ कुणालाही काढता येतो."

"गुलबार्शिन, दाखव ना एकदा," कुणीतरी म्हणालं.

मुलीने वीस-पंचवीस कागदांची थप्पी कपड्याच्या चिमट्यात अडकवली, अंगठ्याने कडा वाकवली आणि सोडली. फर्र! घोडी बर्फ हुंगून मागे सरकली. पोरांच्या तोंडून एकदमच श्वास सुटला. एका कागदावर ती नुसती उभी होती. दोन कागद हातात आले की मान हलवायची. आणि वीस जमले की ती कुणाचीच नसायची, तिच्या मर्जीने चालायची. त्यासाठीच आठवडाभर ही पोरं पोट दुखेपर्यंत बिया खात होती.

कुल्पाशने एकवीस वर्षं घोडे, कोल्हे, खान चिंधीने पुसले होते. ते बघून कुणाचा श्वास सुटतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बोलपट लागायचे तेव्हा ती घंगाळापाशी असायची.

"पोरांनो," ती घसा साफ करून म्हणाली, "ही चित्रं आमच्या कारखान्याची आहेत. चुकून गेली."

"आमची आहेत," गुलबार्शिन वहीवरून नजर न काढता म्हणाली. "बिया आम्ही खाल्ल्या."

"बियांचे पैसे देते."

"पैसे नकोत. पैशांच्या परत बियाच येतील."

"मग काय हवंय?"

पोरांनी डोकी एकत्र केली. बरीच कुजबुज, एक ढकलाढकली. मग गुलबार्शिनने वहीतून वाचून दाखवलं: "घोडी पलीकडे पोचते की नाही ते आम्हाला सगळ्यांच्या आधी दाखवायचं. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या. आणि तुम्ही नाही, मोठ्या साहेबाने लिहून द्यायचं."

"मोठी साहेब बाई आहे."

"चालेल."

पोरांकडचे कागद मोजले तर एकशे बहात्तर. मरियमखानकडचे सदतीस धरून दोनशे नऊ. सात कमी.

"तीन या रसूलने होड्या करून पाटात सोडले," गुलबार्शिनने बोट दाखवलं. रसूल स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. "आणि चार येर्झातकडे आहेत. घसरल्यानंतर सावरते ते. तो अदलाबदल करत नाही. त्याच्या आजीने कपाटात लावलेत."

"कोण येर्झात?" कुल्पाशने विचारलं, पण उत्तर तिला ठाऊक होतं. तिचाच नातू. आणि कपाट शहरात एकच होतं.

आधी राबिगा. कबुलीजबाब द्यायचाच तर विहिणीपुढे मान तुकवायच्या आधी द्यावा, एका दिवसात दोनदा लाज निघाली तर दुसरी कमी टोचते, असा कुल्पाशचा अंदाज. अंदाज चुकला, दोन्ही सारख्याच टोचल्या.

राबिगाने सगळं ऐकून घेतलं. "आपा, तुम्ही आगांची घोडी विकलीत?"

"विकली नाही गं. तोलून दिली."

"पुस्तकासाठी."

"वाचायला नाही," कुल्पाश घाईने म्हणाली, जणू त्याने गुन्हा हलका होणार होता.

राबिगा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून कुल्पाशने पदराशी चाळा करावा तसा एप्रनशी चाळा केला, तेवढ्यात राबिगा वळली. ती हसत होती, आणि डोळे मात्र कोरडे नव्हते. "पोरं बिया टाकून पुड्या नेतात? खरंच?" तिने कोरा कागद ओढला, पोरांना लिहून दिलं, सही ठोकली. मग दुसरा कागद ओढला. "आणि हा तुमच्यासाठी लेखी ठपका. फलकावर लागेल. आता जा, कपाटातली चार आणा."

मागरिपाकडे कपाटात लाल पुस्तकांच्या पुढ्यात चार निळ्या घोड्या ओळीने टेकवल्या होत्या.

"एका मोठ्या चित्रकाराने भेट दिल्या," मागरिपा काच पुसत म्हणाली. "आमची ऊठबस तशा लोकांत."

"विहीणबाई, त्यांच्यावर तेलाचे डाग आहेत. बियांचे."

मागरिपाचा रुमाल थांबला. कुल्पाशने सगळं सांगितलं, आणि सात वर्षांत प्रथमच तिने आवाज खाली आणला. मागरिपाने वाडगा काठोकाठ भरून चहा तिच्यापुढे सरकवला. पाहुणा हवा असला की आपल्याकडे वाडगा अर्धा भरतात, पुन्हा पुन्हा ओततात. काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा.

कुल्पाश तो चहा एका दमात प्यायली आणि उठली नाही. पर्स उघडली. आठवडाभर जपलेलं कुपन टेबलावर ठेवलं.

"सहावं पुस्तक," ती म्हणाली.

मागरिपाने कुपनाकडे पाहिलं, घोड्यांकडे पाहिलं. गालिचा विभागात तीस वर्षं काढलेली बाई, भाव तिला कळत होता. "लाल पाठीचंच ना?" तिने विचारलं, आणि कपाटाचं दार उघडलं.

राहिले पाटात वाहून गेलेले तीन कागद. नेमके घसरण्याच्या जागेचे. राबिगा दोन तरुण चित्रकार मुलींना घेऊन नुरपेइस आगांच्या घरी गेली, सोबत कुल्पाश. आगा खुर्चीत, उजवा हात मांडीवर परक्याच्या सामानासारखा. मुलींनी काढून दाखवलं: घोडीचे चारही पाय फाकलेले. आगांनी मान हलवली. नाही. पुन्हा काढलं. नाही. बोलणं त्यांना जड जाई, आणि समजावून सांगणारा हात ऐकत नव्हता.

"असे नव्हतेच पाय," कुल्पाश दारातून म्हणाली. "मी धुतलेत ना तक्ते. मागचे पाय फाकले नव्हते. ती मागून खाली बसली होती, शेपूट दाबून. आणि पुढचा एकच पाय, असा."

"कसा?"

कुल्पाशचा बाप घोड्यांच्या कळपामागे जन्म घालवलेला. सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, त्याची लेक आगांच्या गालिच्यावर चार पायांवर आली, बर्फ हुंगला, पाऊल टाकलं, आणि मागून धपकन बसली. डोळे मोठे, मान मागे, एक हात पुढे लांब. मुली हसून लोटपोट. आगा हसले नाहीत. त्यांनी डावा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "हे! हेच! काढा!"

"लवकर काढा गं," घोडी खालून म्हणाली, "मला उठता येत नाहीये."

सहा दिवस सगळा विभाग एकतीस नंबर गिरवत होता. पुड्यांच्या घड्यांमुळे कागद सपाट बसेनात. रेघ घडीवर आली की केसभर सरकायची. पण समिती गुरुवारी येणार होती आणि फीत बुधवारी धुऊन आली. पोरांना आधी दाखवायला वेगळा दिवस उरलाच नाही. राबिगाने सहीला जागून तोड काढली: त्याच खेळाला पोरं पुढच्या रांगांत, समिती मागे. "पडदा आधी त्यांना दिसेल," ती म्हणाली, "चार रांगांनी तरी."

राजधानीहून आलेले पाच पाहुणे बूट पुसून आत आले तर तीस पोरं आधीच खुर्च्या अडवून बसलेली, मधोमध नुरपेइस आगा. कोपऱ्यात मागरिपा, सणाचा कोट घालून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कुल्पाश दाराशी, ओले हात एप्रनला पुसत. आज घंगाळ तिने तसंच सोडलं होतं.

दृश्य तीस संपलं. सरोवर आलं. घोडीने बर्फ हुंगला, आणि सभागृहात काय झालं ते कुल्पाशला पुढे कितीदा सांगूनही पुरं सांगता आलं नाही.

"माझं!" कुणीतरी ओरडलं. "ते माझं!"

"एकशे सात! माझं एकशे सात!"

"आता माझं येणार, आता, आता... गेलं! पाहिलंस?"

सेकंदाचा बारावा हिस्सा. त्यात आपला कागद कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तीसच्या तीस पोरांना दिसला. घोडी मागून बसली तेव्हा रसूलने डोळ्यांवर हात घेतला, कारण तिथले कागद त्याने बुडवले होते. ती सावरली. कोपऱ्यातून मागरिपाचा आवाज आला, "हे चार आमचे!" आणि मग घोडी धावत सुटली, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, आणि आगांचा डावा हात दांड्यावर टापांसारखा वाजत होता.

दिवे लागले. समितीचे अध्यक्ष, वहीत टिपणारे, शंका घ्यायला पगार मिळणारे गृहस्थ, म्हणाले, "चित्र चांगलं आहे. पण त्या सरोवराच्या दृश्यात घोडीची रेघ थरथरते. बाकी कुठे थरथरत नाही. ही तांत्रिक उणीव..."

गुलबार्शिन खुर्चीवर होतीच. ती वळली. "काका, तुम्ही बर्फावर उभे राहा. बघू थरथरता की नाही."

राबिगाने डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते दृश्य," ते म्हणाले, "पुन्हा लावता का?"

एकदा लावलं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, आणखी एकदा. तिसऱ्यांदा ते स्वतः खुर्चीच्या कडेला आले होते. बोलपट पास झाला, एकही काटछाट नाही. सेल्युलॉइड अल्मा-अताला, तेही वाढीव.

वसंतात 'निळी घोडी' थिएटरात लागली. शेवटच्या नावांत राबिगाने एक ओळ घातली होती, जी आजवर कुठल्या बोलपटात कुणी पाहिली नव्हती: 'तक्ते धुणे, आणि घोडी: कुल्पाश आपा.' त्याच आठवड्यात ठपक्याचा कागद फलकावरून उतरला, आणि पुढच्या वेळी मागरिपाने विहिणीपुढे चहा ठेवला तो अर्धा वाडगा. पुन्हा ओतला. पुन्हा अर्धा. काच पुसली नाही.

आता कुणी काय मोजलं ते बघू. पोरांनी बियांचे दिले, पण बिया खाल्ल्या, फिटलं. सैतकालीने रद्दीचे घेतले ते घेतलेच, त्याला कुणी विचारायला गेलं नाही. आगांनी उजवा हात दिला होता, त्याची परतफेड अठरा सेकंदांत जेवढी होते तेवढी झाली. कुल्पाशने कुपन दिलं, ठपका घेतला आणि आख्ख्या देशाच्या पडद्यावर नाव मिळवलं. तिच्या खात्यात शिल्लकच आहे. रांगेत उभं राहून, रोख मोजून, बदल्यात कागदाचा कपटाही घरी न नेता पैसे भरले ते एकट्या विहीणबाईंनी. कुल्पाशच्या नावाची ती ओळ खरंच आहे का ते बघायला एक रविवार, शेजारणीला दाखवायला दुसरा, आणि तिसरा कशासाठी ते तिने सांगितलं नाही. सकाळचा खेळ, दहा कोपेक तिकीट. एकूण तीस.